चॅटपुढं कोणती प्रॉक्सी लावू: एनजिनएक्स, कॅडी का एचएप्रॉक्सी?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्या शेठचं ऑर्डरचं चॅट मी बघतो, एकच छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) आणि त्यावर नोड (जावास्क्रिप्टचा सर्व्हर), सॉकेट.आयओ (मेसेज लगेच पोचवणारी लायब्ररी). प्रॉक्सी म्हणजे त्याच्यापुढं बसून आलेल्या रिक्वेस्ट आत पाठवणारा प्रोग्राम. तुमचंपण असंच काही असेल तर एक सांगतो, वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी लाईन) चालू तर तिन्हीवर होतं, तुटतं कधी ते बघून ठरवा.

एनजिनएक्सला अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन्ही हेडर हातानं लिहावे लागतात, एचटीटीपी 1.1 पण सांगून टाका. विसरलात तर 101 (वेबसॉकेट जुळल्याचं उत्तर) येतच नाही, सॉकेट.आयओ गपचूप पोलिंगवर (सर्व्हरला परत परत विचारत) चालतं आणि आपल्याला वाटतं सगळं झकास. दुसरं म्हणजे प्रॉक्सी रीड टाइमआउट (मागून काहीच आलं नाही तर किती वेळ थांबायचं), मुळातच 60 सेकंद. सॉकेट.आयओ 4 दर 25 सेकंदाला पिंग (जिवंत आहेस का असा छोटा मेसेज) करतं म्हणून वाचतं, पण साधं वेबसॉकेट वापरलं आणि पिंग टाकलं नाही तर मिनिटभर कुणी बोललं नाही की लाईन कट. मी यात दोन रात्री घालवल्या, होस्टिंगवाल्याला उगाच शिव्या घातल्या ते वेगळंच.

कॅडीत एक ओळ, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेटपण तोच आणतो. मेख रिलोडमध्ये आहे. कॉन्फिग बदललं की तो चालू वेबसॉकेट लगेच बंद करतो, मग सगळे क्लायंट एकदम परत येतात, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी होते तशी गर्दी. स्ट्रीम क्लोज डिले ही सेटिंग टाकली की तेवढा वेळ जुनी कनेक्शनं टिकतात. एनजिनएक्स उलटा, जुने वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) कनेक्शन सुटेपर्यंत सोडतच नाही, दिवसात पाचसहा रिलोड मारले की रॅम बघा कुठं जाते ते (वर्कर शटडाउन टाइमआउट लावा).

एचएप्रॉक्सी एका सर्व्हरसाठी म्हणजे एका चादरीला आख्खा टेम्पो. पण मागं नोडचे दोनतीन सर्व्हर असले की मजा त्यातच. सॉकेट.आयओ आधी पोलिंगनं सुरू होतं, दुसरी रिक्वेस्ट भलत्या नोडवर गेली की 400 एरर, म्हणून एका माणसाला एकाच नोडला चिकटवावं लागतं. एनजिनएक्सचं आयपी हॅश (आयपी पत्त्यावरून नोड ठरवणं) चालतं हो, पण कारखान्यातली सगळी मंडळी एकाच वायफायमागं, आयपी एकच, म्हणजे सगळा लोड एकाच नोडवर! एचएप्रॉक्सी कुकीवर चिकटवतो, नवीन माणूस लीस्टकॉननं (सगळ्यात कमी कनेक्शनं बघून) मोकळ्या नोडवर, आणि वेबसॉकेटसाठी टाइमआउट टनेल (उघड्या लाईनची वेळमर्यादा) वेगळा देता येतो.

शेठकडं मी कॅडीच ठेवलाय, डिले टाकून, आणि कॉन्फिगला हात रात्री अकरानंतरच.