नौपाड्यातला सहा रविवारांचा स्टोइक वर्ग: इतिहास पक्का, गृहपाठ कच्चा

ठाण्यात योग, गीता, ध्यान यांच्या वर्गांना तोटा नाही. स्टोइक हे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान मराठीतून शिकवणारा वर्ग मात्र क्वचित सापडतो. नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात हा वर्ग रविवारी सकाळी भरतो. सहा आठवडे, दर वेळी दोन तास, शुल्क टिपणांसकट २,४०० रुपये. जाहिरात ‘ताणमुक्त जगण्यासाठी’ अशी आहे. ती वाचून येणारे पहिल्याच दिवशी चुळबुळ करू लागतात, कारण पहिले दोन रविवार निव्वळ इतिहास आहे. तेवढे चुकवून तिसऱ्यापासून येण्याचा विचार असेल तर पैसे भरूच नका. या वर्गात खरा माल तिथेच आहे.

स्टोइक पंथाचा संस्थापक, सायप्रसमधल्या किटिऑनचा झेनो, इ.स.पू. ३००च्या सुमारास अथेन्सच्या बाजारचौकातल्या चित्रांच्या ओसरीत शिकवू लागला. जहाज फुटलं, माल बुडाला आणि तो तत्त्वज्ञानाकडे वळला, ही प्रसिद्ध गोष्ट वर्ग घेणारे सर रंगवून सांगतात. पण ती लिहिणारा चरित्रकार डायोजिनीस लाएर्टियस झेनोच्या सुमारे पाचशे वर्षांनंतरचा, हेही लगेच सांगतात. एवढी सचोटी इतरत्र दिसत नाही. पुढे मुद्दा येतो तो झेनोच्या गुरूंचा. सिनिक, म्हणजे सुखसोयी झुगारून जगणाऱ्या, पंथाच्या क्रेटीसकडून त्याने घेतलं ते हे की सद्‌गुण एवढंच चांगलं, सुखी व्हायला तेवढं पुरतं. पण बाकी सगळं सारखंच कवडीमोल, हे त्याने मानलं नाही. आरोग्य, पैसा, नाव या गोष्टी ‘चांगल्या’ नाहीत, तरी मिळाल्या तर घ्याव्यात. आजार, दारिद्र्य ‘वाईट’ नाहीत, तरी टाळता आले तर टाळावेत. झेनोचाच शिष्य, खिऑसचा अरिस्टो, याला ही वर्गवारी पटली नाही आणि तो बाजूला पडला. सर यावर पाऊण तास देतात आणि ते योग्यच आहे. ही पायरी निसटली की स्टोइक माणूस म्हणजे नोकरी गेली तरी ढिम्म बसणारा, असा समज कायमचा होऊन बसतो.

तिथून झेनोनंतर पंथ चालवणारे क्लिआन्थीस आणि क्रिसिपस. क्रिसिपसने ७००हून अधिक ग्रंथ लिहिले, त्यातला एकही पूर्ण उरला नाही. म्हणूनच आज आपल्यापुढे मुख्यतः रोमन काळातले सेनेका, एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस येतात, आणि तिघांचाही भर रोजच्या आचरणावर आहे. तर्कशास्त्र आणि विश्वविचार मागे राहिले. वर्गातही नेमकं तेच होतं. ‘निसर्गानुसार जगा’ या स्टोइकांच्या वाक्यामागे पडद्यावर येऊरच्या जंगलाचा फोटो येतो! इथला निसर्ग म्हणजे झाडी नव्हे. विश्व एका बुद्धीने चालतं आणि माणूस हा विचार करणारा, इतरांसोबत राहणारा प्राणी आहे, हा तो निसर्ग. यासाठी अर्धा तास तरी हवा होता.

तिसऱ्या रविवारी दोन रकान्यांचा कागद मिळतो: माझ्या हातातलं आणि हातात नसलेलं. बहुतेक जण पहिल्या रकान्यात तब्येत, मुलांचा अभ्यास, लोकल वेळेवर पकडणं असं लिहितात. एपिक्टेटसच्या मते हातात फक्त आपली मतं, प्रेरणा, इच्छा आणि नकोसेपणा; शरीर, मालमत्ता, लौकिक, हुद्दा हे सगळं बाहेरचं. कागद वापरण्याची खरी रीत अशी की एक प्रसंग घ्यायचा आणि फोडायचा. सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा घ्या. ठराव मंजूर होणं हातात नाही. कागदपत्रं नीट वाचून जायचं ठरवणं, खोटं न बोलणं, विरोधी गटाबद्दल काय मत करून घ्यायचं, हे हातात आहे. दुसरी चूक याहून घातक: ‘हातात नाही’ लिहिलं की लोक प्रयत्नच सोडतात. त्यावर सर रोमन लेखक किकेरोच्या (सिसेरोच्या) ग्रंथातला तिरंदाज आणतात: नेम उत्तम धरणं हे त्याचं काम, बाण लागावा ही इच्छा ठीक, पण ध्येय ते नव्हे. टिपणात ‘थोडं हातात’ असा तिसरा रकाना छापला आहे. तो एपिक्टेटसचा नाही, हल्लीची भर आहे आणि गोंधळ वाढवतो. खुशाल खोडा.

चौथा रविवार भावनांचा, आणि इतिहासानंतरच्या चारांत सरस. दुःख, भय, वासना, हर्ष हे चार विकार. त्यांच्या जागी शहाण्याकडे आनंद, सावधपणा आणि विवेकी इच्छा असतात. दुःखाला जोडीदार नाही. कोणीतरी हे षड्रिपूंशी जुळवू पाहतंच. ते जुळत नाही, कारण स्टोइकांच्या लेखी विकार हा आत शिरलेला शत्रू नसून आपणच दिलेला चुकीचा निवाडा असतो. घोडबंदर रोडवर कोणी गाडी आडवी घातली की छातीत धस्स होतं, तो विकार नाही. सेनेका त्याला नुसती पहिली हालचाल म्हणतो. ‘याने माझा अपमान केला, याला धडा शिकवायलाच हवा’ याला आपण होकार देतो, तिथे राग सुरू होतो. अडवायचं ते तिथे.

पाचव्या रविवारचा गृहपाठ मात्र निष्काळजी आहे. रोज सकाळी पंधरा मिनिटं संभाव्य संकटांची कल्पना करा, एवढीच सूचना. मुळात चिंता करणाऱ्याला ही शिक्षा ठरते. एकच प्रसंग, दोन-तीन मिनिटं, आणि शेवट ‘तेव्हा मी कसा वागेन’ यावर, अशी मर्यादा हवी. चिंतेसाठी उपचार चालू असतील तर हा सराव वगळावा. रात्रीची उजळणी त्यापेक्षा निर्धोक: आज कोणता दोष आवरला, कशात सुधारलो? पण तिचंही कोर्ट होतं. सेनेका स्वतःला ‘पुन्हा करू नकोस, या वेळी माफ’ असं बजावून मोकळा होतो, हे टिपणात यायला हवं होतं.

शेवटच्या रविवारी न्यायाला, म्हणजे इतरांशी नीट वागण्याच्या सद्‌गुणाला, जेमतेम वीस मिनिटं उरतात. हिएरोक्लीस या स्टोइकाची वर्तुळं, म्हणजे आपण, कुटुंब, नातेवाईक, गाव, देश, सगळी माणसं, आणि बाहेरच्याला एकेक वर्तुळ आत ओढायचं, हे धावतपळत होतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना आतली वर्तुळं सोपी. अवघड ते पुढचं, आणि त्यावर एकही सराव दिलेला नाही.

स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत जाता येतं. दुचाकी लावायला जागा मिळत नाही आणि सभागृहाला लिफ्ट नाही. टिपणांतले उतारे कुठल्या ग्रंथातले ते लिहिलेलं नाही, तेव्हा वहीत तिथल्या तिथे टिपून घ्या. बुडालेला तास भरून मिळत नाही. पैसे भरण्याआधी एवढं विचारा, की न्यायाला पूर्ण तास देणार का.