मळीचा काठ राखायचा तर: वाळा, बांबू की वाळुंज?

कृष्णा, वारणा किंवा पंचगंगेच्या काठी ज्यांची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन आहे, त्यांना हे अनुभवाने ठाऊक असते की काठ ढासळतो तो बहुधा पूर चढताना नव्हे, तर उतरताना. भिजून जड झालेल्या मातीला पुराच्या पाण्याचा जो बाहेरून टेकू असतो, तो पातळी झपाट्याने खाली जाताच निघून जातो, आत मुरलेले पाणी बाहेर पडू पाहते आणि काठाची कड तुकड्यातुकड्यांनी सुटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर काठावर काही लावण्याचा विचार करणाऱ्याने म्हणूनच आधी आपला काठ वरून फाटतो आहे की पायथ्याशी कापला जातो आहे, हे उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पाहून घ्यावे.

वरून फाटणाऱ्या, मातीच्या उघड्या उतारासाठी माझी पहिली पसंती वाळ्याला आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत २ ते ३ मीटरपर्यंत, आणि पुराचा गाळ अंगावर साचला तरी त्यातून नवे फुटवे वर येतात. दोन-तीन फुटव्यांचे ठोंब पावसाच्या आरंभी १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, उताराला आडव्या ओळींत लावावे लागतात. अंतर वाढवून रोपे वाचवली तर सलग बांध तयार होत नाही आणि पाणी फटीतून वाट काढते. पहिल्या वर्षी गुरांपासून राखण करावी लागते, शिवाय वाळा सावलीत खुरटतो. मुळांना सुगंधासाठी मागणी असली, तरी काठावरचा वाळा खणून विकणे म्हणजे बांधच उकरणे होय.

बांबूची बाजू मुख्यतः उत्पन्नाची आहे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोड मिळते, आणि २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेल्याने तोड-वाहतुकीची अडचणही कमी झाली आहे. मात्र त्याच्या मुळांचे जाळे बहुतांशी वरच्या मीटरभर मातीतच असते. काठ त्याहून बराच उंच असेल आणि पाणी खालून माती कापत असेल, तर बेट मातीसकट नदीत कलंडते आणि काठाला मोठे खिंडार पडते. बांबू लावावा, पण कडेपासून मागे.

पाण्याच्या रेषेजवळ, जिथे या दोघांचेही चालत नाही, तिथे वाळुंज आणि शेरणी उपयोगी पडतात. वाळुंज हा आपल्याकडचा विलो. जाड फांदीचा छाट ओल्या मातीत रोवला की फुटतो आणि पाण्यात बुडून राहणे सहन करतो. शेरणी हे नदीपात्रातले झुडूप खडकाळ पात्रात टिकते, लोंढ्यापुढे लवते आणि काठालगतच्या पाण्याचा वेग कमी करते. दोन्हींची रोपे रोपवाटिकेत क्वचितच मिळतात; ओढ्याकाठून छाट आणणे हाच सोपा मार्ग.

नदीच्या बाह्य वळणावर, जिथे प्रवाह पायथ्यावरच आदळतो, तिथे केवळ झाडांवर विसंबू नये. तिथे पायथ्याला जाळीत बांधलेला दगड, आणि त्याच्या वर वाळा, ही जोडी योग्य. नुसता दगड रचला तर पाण्याचा मार त्याच्या टोकापाशी, म्हणजे अनेकदा शेजाऱ्याच्या काठावर, सरकतो, म्हणून हे काम दोघांनी मिळून केलेले बरे.

खर्चाचा विचार करताना रोपांच्या किमतीपेक्षा जमिनीकडे पाहावे. ऊस अगदी कडेपर्यंत असेल तर त्याची सावली आणि नांगराचा फाळ वाळ्याला जगू देत नाहीत, तेव्हा काठालगतच्या काही सऱ्या कायमच्या सोडाव्या लागतात.