हायस्कूल फुटबॉलची बाद फेरी: पटसंख्या, पूर्वीचे यश की संगणकाचे गुण?

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉलला (म्हणजे अमेरिकन फुटबॉलला, सॉकरला नव्हे) राष्ट्रीय पातळीवरची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा नाही. प्रत्येक राज्याची संघटना आपली स्पर्धा स्वतः भरवते, गट स्वतः पाडते आणि बाद फेरीत कोणाला घ्यायचे हेही आपल्याच नियमांनी ठरवते. त्यामुळे एकाच ताकदीचा संघ इंडियानात असेल तर आपोआप बाद फेरीत जातो, इलिनॉयमध्ये असेल तर 2025 पर्यंत पाच-सहा विजयांच्या उंबरठ्यावर अडकत असे, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात असेल तर आपण कोणत्या गटात आहोत हे त्याला साखळी सामने संपल्यावर कळते. हे नियम बदलण्याचे प्रस्ताव सतत येत असतात. ओहायोसारख्या राज्यात त्यांवर सदस्य शाळांचे मुख्याध्यापक मतदान करतात आणि त्याआधी पालकांच्या बूस्टर क्लबमध्ये (संघाला पाठबळ देणाऱ्या मंडळात) त्यांचा कीस पाडला जातो. ज्यांची मुले अशा संघांत आहेत आणि ज्यांना अशा प्रस्तावावर आपले मत बनवायचे आहे, त्यांच्यासाठी पाच राज्यांच्या पद्धती येथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, आणि बहुतेक भांडणे तिथेच सुरू होतात. कोणी कोणाशी खेळावे, हा पहिला प्रश्न वर्गीकरणाचा. त्या गटातून बाद फेरीत कोण जाणार आणि तिथे कोणाला कोणते मानांकन मिळणार, हा दुसरा प्रश्न क्रमवारीचा. पहिल्याचे उत्तर चांगले असून दुसऱ्याचे वाईट असू शकते. टेक्सास हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

वर्गीकरणाचे सर्वांत जुने आणि सोपे माप म्हणजे शाळेची पटसंख्या. कुस्तीत वजनगट जे काम करतो तेच काम येथे पट करतो, आणि त्याचा संबंध केवळ न्यायाशी नसून मुलांच्या सुरक्षिततेशीही आहे. मैदानावर एका वेळी अकराच खेळाडू असतात, पण मोठ्या शाळेत आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे आणि किकच्या वेळी उतरणारे आणखी वेगळे असतात. पंचवीस मुलांच्या संघात तीच मुले आक्रमणातही खेळतात आणि बचावातही. चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेला सोळा वर्षांचा मुलगा ताज्या दमाच्या, पन्नास पौंडांनी जड खेळाडूसमोर उभा राहतो, तेव्हा पटसंख्येचे गट कशासाठी आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

टेक्सासमध्ये हे माप अत्यंत शिस्तीने वापरले जाते. तेथील युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग दर दोन वर्षांनी, ऑक्टोबरअखेरच्या एका ठरावीक दिवसाचा पट धरून, शाळांची 1A ते 6A अशा सहा वर्गांत फेरमांडणी करते. सहावा वर्ग 2014 मध्ये आला. 1A मधील शाळा इतक्या लहान असतात की तिथे सहा-सहा खेळाडूंचा फुटबॉल खेळला जातो. प्रत्येक वर्गाचे पुन्हा डिव्हिजन 1 आणि 2 असे दोन भाग होतात, त्यामुळे राज्याला दरवर्षी बारा विजेते मिळतात. शिवाय खाजगी शाळा, दोन जेझुइट शाळांचा अपवाद सोडला, तर या संघटनेत नाहीतच. इतर राज्यांना ज्या प्रश्नाने पिडले आहे तो टेक्सासने जवळजवळ दाराबाहेरच ठेवला आहे.

अडचण क्रमवारीत आहे. 1A सोडल्यास प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे एकमेकांशी साखळी खेळणाऱ्या शाळांच्या गटातून, पहिले चार संघ बाद फेरीत जातात. 5A आणि त्याखालच्या वर्गांत कोणती शाळा कोणत्या डिव्हिजनची हे फेरमांडणीच्या वेळीच ठरते, पण 6A मध्ये पात्र ठरलेल्या चार संघांपैकी जास्त पटाचे दोन डिव्हिजन 1 मध्ये आणि कमी पटाचे दोन डिव्हिजन 2 मध्ये टाकले जातात. समजा, 2,350 मुलांच्या शाळेचा संघ डिस्ट्रिक्टमधले सगळे सामने जिंकून पहिला आला आणि त्याच्याकडून चाळीस गुणांनी हरलेला 3,300 मुलांच्या शाळेचा संघ चौथा आला. आता चौथा संघ मोठ्यांच्या गटात जातो आणि पहिला लहानांच्या. कागदावर हे सुसंगत आहे, कारण माप पटाचे आहे. पण पालकांना ते समजावून सांगताना प्रशिक्षकाची दमछाक होते. त्याहून मोठा आक्षेप बाद फेरीच्या आखणीवर आहे. कोणत्या डिस्ट्रिक्टचा संघ कोणत्या डिस्ट्रिक्टशी भिडणार हे भूगोलानुसार आधीच ठरलेले असते आणि संपूर्ण राज्याचे मानांकन केले जात नाही. परिणामी राज्यातले दोन सर्वोत्तम संघ एकाच विभागात असतील तर ते अंतिम सामन्यापूर्वीच एकमेकांना भेटतात आणि दुसऱ्या बाजूने तुलनेने दुबळा संघ अंतिम सामन्यासाठी आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर पोहोचतो. माझ्या मते हा दोष खरा असला तरी सहन करण्यासारखा आहे, कारण नियम ऑगस्टमध्येच सर्वांना ठाऊक असतो.

इलिनॉयची पद्धत वेगळी आहे. तेथे 2025 च्या हंगामापर्यंतचा शिरस्ता असा होता की नऊ सामन्यांच्या साखळीनंतर 256 संघ निवडायचे, मग त्यांना पटानुसार लावून बत्तीस-बत्तीसचे आठ वर्ग पाडायचे. सहा विजय मिळवणारा संघ सहसा निर्धास्त असे. पाच विजयांच्या संघांचे नशीब ‘प्लेऑफ पॉइंट्स’वर, म्हणजे त्यांच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांनी मिळून जिंकलेल्या सामन्यांच्या बेरजेवर ठरत असे. या बेरजेत प्रतिस्पर्ध्याकडून हरलात तरी त्याचे विजय धरले जातात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण बलाढ्य संघाशी खेळण्याचा धोका पत्करणाऱ्याला तिथे थोडी तरी भरपाई आहे. पण मूळ दरवाजा विजयांच्या संख्येचा असल्यामुळे शाळा दुबळे प्रतिस्पर्धी शोधत एका कॉन्फरन्समधून (शाळांच्या साखळी गटातून) दुसरीत उड्या मारत, ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

खाजगी शाळांसाठी इलिनॉयने 2005 पासून 1.65 चा गुणक लावला. ज्या शाळेला प्रवेशाची भौगोलिक हद्द नाही आणि जिचा पट 450 पेक्षा अधिक आहे, तिच्या 1,000 मुलांचे हिशेबात 1,650 धरले जातात. तर्क असा की संपूर्ण शहरातून मुले घेऊ शकणाऱ्या शाळेची तुलना ठरलेल्या हद्दीतल्या सरकारी शाळेशी सरसकट करता येत नाही. तर्क पटतो, आकडा मात्र सर्वांना एकाच काठीने हाकतो. एखाद्या प्रसिद्ध कॅथलिक शाळेला आणि वर्षानुवर्षे हरणाऱ्या तिच्या शेजारणीला एकच गुणक लागू लागला, तेव्हा यश न मिळवणाऱ्या शाळांना सूट देण्याची तरतूद पुढे करावी लागली. म्हणजे मागच्या दाराने का होईना, यशाचे माप आत आलेच.

ओहायोने याच प्रश्नावर अधिक किचकट, पण माझ्या मते अधिक न्याय्य उत्तर शोधले. ‘कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स’ या नावाने ओळखला जाणारा प्रस्ताव लागोपाठ तीन वर्षे मतदानात पडला, 2014 मध्ये मंजूर झाला आणि 2017 पासून अमलात आला. त्यात संपूर्ण शाळेला गुणक लावण्याऐवजी प्रत्यक्ष संघातली मुले कुठून आली आहेत हे पाहिले जाते आणि बाहेरून आलेल्या मुलांसाठी पटात भर घातली जाते. त्यामुळे हद्दीबाहेरची मुले घेणाऱ्या सरकारी शाळाही सुटत नाहीत. याची किंमत म्हणजे कागदपत्रे: प्रत्येक खेळाडूचा पत्ता आणि आधीची शाळा तपासावी लागते.

क्रमवारीसाठी ओहायो जॅक हार्बिन यांच्या नावाने ओळखली जाणारी गुणपद्धती वापरते. तेथील बाद फेरी 1972 पासूनची आहे आणि अनेक घरांत शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत हे हिशेब चालतात. तुम्ही एखाद्या संघाला हरवले की त्याच्या डिव्हिजननुसार गुण मिळतात, आणि तुम्ही हरवलेल्या संघाने पुढे ज्यांना हरवले त्यांचेही गुण तुमच्या खात्यात जमा होतात. किती गुणांच्या फरकाने जिंकलात याला काहीही किंमत नाही. सप्टेंबरमध्ये तुम्ही ज्या शाळेला हरवले तिने नंतर सहा सामने जिंकले तर तुमचा क्रमांक घरबसल्या चढतो. ती कोसळली तर तुमचाही घसरतो, आणि त्यात तुमच्या मुलांचा काही दोष नसतो. हरल्यावर शून्य गुण मिळत असल्यामुळे तगड्या संघाशी खेळण्याचे धाडस येथे महागात पडू शकते. या एका बाबतीत इलिनॉय सरस ठरते. पण हार्बिन पद्धतीचा मोठा गुण असा की वही-पेन्सिल घेऊन बसलेला पालक तिचे उत्तर स्वतः काढू शकतो.

किती संघ घ्यावेत याबाबत ओहायोने एक धडा स्वतः गिरवला. 2021 मध्ये प्रत्येक विभागातून आठऐवजी सोळा संघ घेतले गेले. दहापैकी बहुतेक सामने हरलेले संघही आत आले आणि पहिल्या फेरीत एकतर्फी निकालांची रांग लागली. 2025 पासून ही संख्या बारा केली गेली आणि पहिल्या चौघांना बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळता पुढची चाल, मिळाला. दार जितके रुंद, तितका नियमित हंगामाचा अर्थ कमी, असा सूर तेव्हा प्रशिक्षकांतही होता.

इंडियानात हे दार सताड उघडे आहे: प्रत्येक शाळा बाद फेरीत खेळते आणि सेक्शनलच्या, म्हणजे बाद फेरीच्या पहिल्या टप्प्याच्या, जोड्या वर्षानुवर्षे चिठ्ठ्यांनी ठरत आल्या आहेत. नऊ सामने जिंकलेल्या दोन शाळांची पहिल्याच फेरीत गाठ पडू शकते. मला ही पद्धत मान्य नाही. सर्वांना संधी देणे एक आणि दोन महिन्यांच्या कामगिरीकडे डोळेझाक करणे दुसरे. मात्र वर्गीकरणाबाबत इंडियानाने 2012 मध्ये आणलेला ‘सक्सेस फॅक्टर’ विचार करण्याजोगा आहे. त्याच्या मूळ स्वरूपात सेक्शनल जिंकल्यास एक, त्यापुढच्या रीजनल टप्प्याला दोन, सेमी-स्टेटला तीन आणि राज्य विजेतेपदाला चार गुण होते. दोन वर्षांत सहा गुण झाले की शाळा वरच्या वर्गात. सरकारी की खाजगी हा प्रश्नच उरत नाही. इंडियानापोलिसची कॅथेड्रल ही शाळा 2010 ते 2012 सलग तीन वेळा 4A विजेती ठरल्यावर 5A मध्ये चढवली गेली आणि तिथेही 2013 व 2014 मध्ये जिंकली, यावरून ती चुकीच्या वर्गात होती हे सिद्धच झाले. उलट बाजू अशी की ज्या मुलांनी विजेतेपद मिळवले ती पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्या यशाची शिक्षा मागून येणाऱ्यांना भोगावी लागते. एका विलक्षण तुकडीमुळे चढलेली लहान गावातली शाळा पुढची दोन वर्षे मार खात राहते.

उरली कॅलिफोर्निया. तेथील संघटनेच्या सदर्न सेक्शन या दक्षिणेकडच्या शाखेने पटसंख्या बाजूला ठेवून थेट ताकदीवर गट पाडायचे ठरवले, आणि 2021 पासून तर चालू हंगामाच्या शेवटी कॅलप्रेप्स या क्रमवारीच्या संकेतस्थळाच्या संगणकीय गुणांवरून सर्व संघ वरपासून खालपर्यंत लावून डिव्हिजनच्या रेषा ओढल्या जाऊ लागल्या. खेळाच्या दृष्टीने याचा फायदा निर्विवाद आहे. 2016 ते 2024 या काळात तेथील डिव्हिजन 1 चे प्रत्येक विजेतेपद सांता आनाच्या मेटर डे किंवा बेलफ्लॉवरच्या सेंट जॉन बॉस्को यांच्याकडेच गेले. निव्वळ पटावर गट पाडले असते तर या दोन शाळांनी कोणाचा काय हाल केला असता याची कल्पना करता येते. खालच्या डिव्हिजनमध्ये सामने चुरशीचे होतात आणि कधीच काही न जिंकलेल्या शाळांना चषक मिळतो.

तरीही ही पद्धत मला अस्वस्थ करते. आपली लीग जिंकणारा संघ वरच्या डिव्हिजनमध्ये ढकलला जाऊन पहिल्याच फेरीत गारद होतो, आणि त्याच लीगमध्ये त्याच्याकडून हरलेला संघ खालच्या डिव्हिजनचा चषक घेऊन येतो, असे तेथे घडू शकते. शेवटच्या आठवड्यात हरणे फायद्याचे ठरेल अशी शंका जरी कोणाच्या मनात आली, तरी नियमाने आपले काम बिघडवले असे समजावे. आणि संगणक गुणफरक मोजतो म्हटले की गुणसंख्या फुगवण्याचा मोह येतो. 2021 मध्ये इंगलवूडने मॉर्निंगसाइडला 106-0 असे हरवले आणि 104-0 असताना टचडाउननंतर एका गुणाच्या किकऐवजी दोन गुणांचा प्रयत्न केला, तेव्हा संघटनेलाच निषेध करावा लागला. गुणफरक ठरावीक मर्यादेपुढे धरला जात नाही, हे खरे. पण ते मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतेच असे नाही, आणि सूत्र पालकांना घरी मांडून पाहता येत नाही.

तेव्हा मत द्यायचे झाल्यास माझा कल असा आहे. राज्यात शाळा पुष्कळ असतील आणि खाजगी शाळा वेगळ्या खेळत असतील, तर टेक्साससारखे पटाचे वर्ग पुरेसे आहेत. फक्त शेवटच्या आठ संघांचे मानांकन नव्याने व्हावे. सरकारी आणि खाजगी एकत्र खेळत असतील, तर सरसकट गुणकापेक्षा ओहायोसारखा खेळाडूंवर आधारित हिशेब आणि त्याला जोडून इंडियानासारखी यशाची अट घ्यावी, पण ती दोन नव्हे तर चार वर्षांच्या कामगिरीवर, म्हणजे एकाच तुकडीच्या पराक्रमावर शाळा चढणार नाही. क्रमवारी हार्बिनसारख्या उघड सूत्राने व्हावी आणि बलाढ्य संघाकडून हरल्यासही थोडे गुण मिळावेत. कॅलिफोर्नियाची पद्धत मी फक्त तिथेच सुचवेन जिथे दोन-तीन शाळा इतक्या पुढे गेल्या आहेत की इतरांना त्यांच्यासमोर उभे करणे धोक्याचे आहे, आणि तिथेही सर्वांसाठी नव्हे, तर त्या मोजक्या संघांचा एक खुला गट करण्यापुरती.

प्रस्तावाचे एक कलम बहुतेक जण वाचतच नाहीत, ते म्हणजे बरोबरी कशी सोडवायची. पश्चिम टेक्सासमध्ये 1988 साली पर्मियन, मिडलंड ली आणि मिडलंड हाय हे तीन संघ बरोबरीत राहिले. बाद फेरीत दोघांनाच जागा होती, आणि मध्यरात्रीनंतर मिडलंडच्या एका ट्रक स्टॉपवर नाणेफेक करून मिडलंड हायला घरी पाठवले गेले. हातातल्या प्रस्तावात आपसातला निकाल, मर्यादित गुणफरक आणि प्रतिस्पर्ध्यांचे विजय हे तिन्ही टप्पे नाणेफेकीच्या आधी लिहिलेले नसतील, तर आधी ती दुरुस्ती मागावी आणि मग मत द्यावे.