जपानी लष्करी तलवार : टाइप ९५ की टाइप ९८?

१९३५ची टाइप ९५ हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठी कारखान्यात बनली. सुरुवातीची मूठ तांब्याची, नंतर अ‍ॅल्युमिनियमची. मुठीवर गुंडाळलेली दिसणारी दोरी खरी नाही, धातूतच ओतलेली, वर रंग. पात्यावर क्रमांक असतो. म्यानावरही तोच असेल तर जोडी मूळची.

१९३८ची टाइप ९८ अधिकाऱ्यांची. तिच्या मुठीवर पाकट माशाची कातडी, त्यावर खरी दोरी. बांबूची खुंटी काढली की मूठ निघते आणि आत कधी लोहाराची सही सापडते. काहींत तर घराण्यातलं शतकांपूर्वीचं पातं बसवलेलं असतं! म्हणूनच मला हीच अधिक मोलाची वाटते. मुठीच्या आत दडलेल्या पात्याच्या टोकावरचा गंज मात्र कधीही घासू नका. वय त्यावरूनच ओळखतात. पात्याला तेलाचा पातळ हात पुरे, पॉलिश पेपर नकोच.