अमेरिकेतल्या विद्यापीठाचं काउन्सेलिंग सेंटर : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः गोपनीयतेबद्दल

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींचे तीन प्रश्न ठरलेले असतात. काउन्सेलिंगला गेलं तर घरी कळेल का, प्रोफेसरला कळेल का, व्हिसावर काही येईल का? मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाची ही सेवा काही महिने वापरल्यावर तिन्हींचं उत्तर साधारणपणे 'नाही' असं देता येतं. माहिती बाहेर पडायच्या वाटा वेगळ्याच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर विद्यार्थ्याची स्वतःचीच सही असते.

सुरुवात केंद्राच्या पोर्टलवरून, म्हणजे लॉगिन करून वापरायच्या वेबसाइटवरून. आधी पंधरा-वीस मिनिटांचा फोन होतो, त्यात किती तातडी आहे ते ठरतं. मग पहिली भेट. तिच्या आधी दोन गोष्टी भरायच्या असतात : कन्सेंट फॉर्म आणि सीकॅप्स ही ६२ प्रश्नांची यादी. झोप, जेवण, अभ्यास, दारू, राग, जीव देण्याचे विचार असं सगळं तिच्यात येतं. पुढच्या भेटींना हीच ३४ प्रश्नांची होते. आत जाण्यापूर्वी काउन्सेलरने उत्तरं पाहिलेली असतात. जीव देण्याच्या प्रश्नाला वरचा आकडा दिला असेल तर पहिली काही मिनिटं त्यावरच जातात. आकड्यामुळे पोलीस येत नाहीत. त्या भीतीने तिथे शून्य भरणारे बरेच आहेत, आणि मग ज्यासाठी आलो तो विषय निघायलाच तिसरी भेट उजाडते. ही यादी पेन स्टेट विद्यापीठातल्या एका केंद्राची आहे. नाव काढलेली उत्तरं संशोधनासाठी तिकडे द्यायची का, हे फॉर्मवर वेगळं विचारतात. 'नाही' म्हटलं तरी सेवेत काही फरक पडत नाही.

कन्सेंट फॉर्म सगळे खाली ओढून सही करतात. त्यातला अपवादांचा भाग मात्र सावकाश वाचावा. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर आणि नजीकचा धोका, लहान मुलाचा छळ (बऱ्याच राज्यांत वृद्ध आणि परावलंबी प्रौढांचाही), आणि कोर्टाचा आदेश, हे मुख्य अपवाद. दुसऱ्याच्या जिवाच्या अपवादामागे एका भारतीय विद्यार्थ्याचीच केस आहे. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्रोसेनजित पोद्दार याने विद्यापीठाच्या मानसतज्ज्ञाला एका मुलीला मारण्याचा विचार बोलून दाखवला होता. तज्ज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी चौकशी करून त्याला सोडून दिलं, मुलीच्या घरी कोणी काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये पोद्दारने त्या मुलीला, तातियाना तारासॉफला, मारलं. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा वेळी धोक्यातल्या माणसाचं रक्षण करण्याची जबाबदारी तज्ज्ञावर येते. हा नियम देशभर सारखा नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अशी सक्ती नाकारली. तिथे पोलिसांना किंवा डॉक्टरांना कळवण्याची मुभा आहे. तेव्हा सीनियरने कॅलिफोर्नियातून सांगितलेला नियम डॅलसमध्ये धरून चालू नये.

'नजीकचा धोका' म्हणजे काय याचा लोकांना उगाच धाक वाटतो. "जगावंसं वाटत नाही" एवढ्याने कोणी हॉस्पिटलात टाकत नाही. काउन्सेलर विचारतो : कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, कधी, आणि आजवर कशाने थांबलात. उत्तरं सैल असतील तर दोघं मिळून एक कागद करतात, त्याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. अवघड वेळी काय करायचं, कोणाला फोन करायचा, घरातलं काय दूर ठेवायचं, एवढंच त्यावर असतं. बेत, साधन आणि वेळ जुळत असतील तर गाडी हॉस्पिटलाच्या दिशेने सरकते.

लहानपणी स्वतःवर झालेल्या अत्याचाराबद्दल बोलायचं असेल तर आधी नाव न घेता विचारून घ्यावं : "अशी गोष्ट सांगितली तर तुम्हाला कळवावं लागेल का?" त्या माणसाच्या आसपास आजही मुलं असतील तर काही राज्यांत कळवणं भाग पडतं. हा प्रश्न त्यांना रोजचा आहे, कोणी वाकड्या नजरेने बघत नाही.

कायद्याबद्दल मुलांत एक समज पक्का आहे : सगळं हिपाखाली, म्हणजे आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली येतं. प्रत्यक्षात फक्त विद्यार्थ्यांना सेवा देणाऱ्या केंद्रांच्या उपचाराच्या नोंदी साधारणपणे हिपातून वगळलेल्या असतात. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी जपणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यात उपचाराच्या नोंदींना शैक्षणिक नोंदींपासून वेगळं काढलंय आणि बाकी संरक्षण राज्याच्या कायद्यातून येतं. याचा एक विचित्र परिणाम असा की आपलीच फाइल पाहण्याचा हक्क फर्पा थेट देत नाही. आपण निवडलेल्या डॉक्टरला किंवा तज्ज्ञाला ती दाखवता येते. स्वतःला प्रत मिळेल का ते राज्याच्या कायद्यावर. उपचाराखेरीज दुसऱ्या कामासाठी नोंद बाहेर काढली की तिचं हे वेगळेपण जातं आणि ती साधी शैक्षणिक नोंद बनते. म्हणून प्रोफेसरला द्यायला अख्ख्या फाइलची प्रत कधी मागू नये. भेटींना येतोय एवढंच लिहिलेलं पत्र मागावं.

घरच्यांचं म्हणाल तर या केंद्राची भिंत पक्की आहे. नाशिकहून आईने फोन केला तर मुलगा येतो की नाही, हेसुद्धा सांगत नाहीत. पण आईचं ऐकून घेतात, आणि हे पालकांना माहीत नसतं. "दोन दिवस फोन उचलत नाही, आवाज बरा नव्हता" हे त्यांनी जरूर सांगावं. भिंत आतून बाहेर येणाऱ्या माहितीला आहे, बाहेरून आत जाणाऱ्या माहितीला नाही. फारच काळजी असेल तर डीन ऑफ स्टुडंट्सचं (विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणाऱ्या अधिकाऱ्याचं) ऑफिस किंवा कॅम्पस पोलीस खोलीवर जाऊन बघून येतात. जिवाच्या संकटात विद्यापीठ पालकांना कळवू शकतं, तशी सोय फर्पातच आहे. मुलाला घरी कळवायचं असेल तर रिलीज फॉर्म, म्हणजे माहिती देण्याची परवानगी, भरतात. तो भरताना 'सर्व माहिती' वर खूण करू नये. कोणाला, नेमकं काय, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे चारही रकाने आपण लिहावेत. लेखी देऊन तो केव्हाही मागे घेता येतो.

आता गळतीच्या जागा. इथे केंद्र आणि कॅम्पसचा दवाखाना एकच संगणकीय फाइल वापरतात. म्हणजे खोकल्यासाठी गेलात तरी डॉक्टरला काउन्सेलिंगच्या तारखा दिसू शकतात. फॉर्मवर हे एका वाक्यात आहे आणि ते वाक्य ठळक नाही, ही या सेवेबद्दलची खरी तक्रार. तपशिलाच्या नोंदी कोणाला उघडता येतात ते विचारा. मर्यादा घालता येत असेल तर घालून देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

काउन्सेलर शिकाऊ असेल तर सेशनचं चित्रीकरण होतं आणि सुपरवायझर ते पाहतो. त्याचं नाव फॉर्मवर असायलाच हवं. तो तुमच्याच विभागात शिकवत असेल तर माणूस बदलून मागा. चित्रीकरण नको म्हटलं तर लायसन्सवाल्या काउन्सेलरसाठी जास्त थांबावं लागतं. तरी शिकाऊंना टाळावं असं वाटत नाही, ते तयारी करून येतात. ग्रुप थेरपीत काउन्सेलर कायद्याने बांधलेला असतो, बाकीचे सात-आठ जण केवळ शब्दाने. पन्नास मराठी मुलांच्या कॅम्पसवर हा फरक लहान नाही.

सेंटरबाहेरची माणसंही ओळखून बोलावं. वसतिगृहातला आरए (देखरेखीला नेमलेला विद्यार्थी), बरेच प्राध्यापक, ॲडव्हायझर यांना लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर विद्यापीठाच्या टायटल नाइन ऑफिसला, म्हणजे अशा तक्रारी बघणाऱ्या ऑफिसला, कळवावी लागते. काउन्सेलरला लागत नाही. कोणी आधी ॲडव्हायझरकडे मन मोकळं केलं आणि मग चौकशीचा ईमेल आला, असं होतं ते यामुळे. ईमेलचंही तसंच : खातं विद्यापीठाचं आहे, त्यात वेळ बदलण्यापलीकडे काही लिहू नये. बाकीचं पोर्टलवर.

व्हिसा. काउन्सेलिंगला जाणं सेविसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत, कुठेही नोंदवत नाहीत. प्रश्न येतो तो तब्येतीमुळे कोर्स कमी करायचे असतील तेव्हा. त्यासाठी एमडी किंवा डीओ (दोन्ही डॉक्टरच) किंवा लायसन्सधारी सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं. सेंटरमधले कितीतरी काउन्सेलर एलपीसी (लायसन्सधारी समुपदेशक) किंवा एलसीएसडब्ल्यू (लायसन्सधारी क्लिनिकल सोशल वर्कर) असतात आणि त्यांचं पत्र चालत नाही. हे उशिरा कळलं की सेमिस्टर हातचं जातं. क्रम असा : पत्र, मग डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांची व्हिसाची कामं बघणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची) मंजुरी, मग कोर्स सोडणं. उलटं केलं तर व्हिसाचं स्टेटस धोक्यात. मंजुरी दर सेमिस्टरला नव्याने घ्यावी लागते आणि एका पदवीच्या पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंतच मिळते. पत्रात निदान लिहिण्याची गरज आहे का ते डीएसओला आधी विचारावं. शिफारशीवर काम होत असेल तर जास्त काही लिहून घेऊ नये.

पैशांचा भाग सोपा. सेशन विद्यार्थी फीमधून होतात, विमा कंपनीकडे काही जात नाही. बाहेरच्या थेरपिस्टकडे पाठवलं की विमा येतो आणि त्याचा हिशेबाचा कागद पॉलिसीधारकाच्या पत्त्यावर जातो. विद्यापीठाचा विमा असलेल्यांना चिंता नाही. तिथेच वाढलेली मराठी मुलं २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहू शकतात, कागद त्यांच्या घरी पडतो. घरी कळल्याने धोका आहे असं लिहून दिलं तर कंपनीला कागद दुसऱ्या पत्त्यावर पाठवावे लागतात. पहिल्या भेटीआधी हे करावं. बिल गेल्यावर उपयोग नाही.

वेळ रद्द करायची तर २४ तास आधी, पंधरा मिनिटं उशीर म्हणजे भेट गेली. न सांगता चुकवली तर दंड विद्यार्थी खात्यावर लागतो. खातं बघायची परवानगी घरच्यांना दिली असेल तर ती ओळ त्यांनाही दिसते, त्यामुळे तिथे नाव काय छापून येतं ते विचारून ठेवावं.

सुट्टीत पुण्याला आल्यावर ऑनलाइन सेशन मिळत नाहीत. लायसन्स राज्यापुरतं असतं; म्हणूनच दर ऑनलाइन भेटीत आधी "आत्ता कुठे आहात" विचारतात. खोटं सांगू नये, अडचणीच्या वेळी मदत त्याच पत्त्यावर जाते. मे महिन्यात निघण्याआधीच्या शेवटच्या भेटीत भारतातल्या तज्ज्ञासाठी सारांशाचं पत्र मागून घ्यावं, ते तयार व्हायला वेळ लागतो. भारतात असताना रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालतो, मराठीतही. अमेरिकेत अशा संकटाच्या वेळी ९८८.