सात महिने प्रथिनांच्या आत: व्हीआर हेडसेट वापरल्यावर

व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट घेतला तो एकाच कामासाठी: प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींत कशा बसतात ते जवळून बघायला. सॉफ्टवेअर कायमेराएक्स, रेणूंच्या रचना त्रिमितीत दाखवणारं. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहातून रचना उतरवायची, हेडसेट संगणकाला जोडणारं स्टीमव्हीआर चालू करायचं, झालं.

पहिल्यांदा फेरिटिन उघडलं, शरीरात लोह साठवणारं प्रथिन. 24 साखळ्यांचा पोकळ गोळा, खरा व्यास जेमतेम 12 नॅनोमीटर. तो खोलीएवढा केला आणि आत जाऊन उभी राहिले. लोह साठतं ती पोकळी माझ्याभोवती, आणि मान वर केली तर तीन साखळ्या मिळून झालेलं भोक थेट डोक्यावर. खूप छान वाटलं, पण पैसे वसूल झाले ते सिकल सेल या रक्ताच्या आजारातल्या हिमोग्लोबिनमुळे.

त्यात बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं. ते शेजारच्या रेणूवरच्या एका खळग्यात जाऊन बसतं, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले. संगणकाच्या पडद्यावर तिथे अणूंची नुसती गर्दी दिसते. इथे गुडघ्यांवर बसून खालून डोकावले, तर फिनाइलअॅलॅनिन 85 आणि ल्युसिन 88 (85व्या आणि 88व्या जागची अमिनो आम्लं) यांच्यामध्ये ते व्हॅलिन अगदी चपखल बसलेलं. कंट्रोलरनं एक रेणू धरून बाजूला ओढला आणि परत बसवू लागले. जरा तिरका गेला की अणू एकमेकांत घुसायचे. मग ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन त्यावर ठेवून पाहिलं, तर खळग्याची ठेवणच बदललेली! ऑक्सिजन सुटल्यावरच हे रेणू एकमेकांना का चिकटतात, ते तेव्हा डोळ्यांनी पटलं.

आता खटकलेलं. दिसते ती जुळणी पूर्ण झाल्यानंतरची अवस्था. दोन रचनांमधली हालचाल सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं, रेणू त्याच वाटेनं जातो असं नाही. विद्यार्थ्यांना हे आधी सांगावंच लागतं, नाहीतर खरी जुळणी पाहिली असं ते धरून चालतात. पेशीतलं पाणी आणि रेणूंची सततची धक्काबुक्की तर कुठेच नाही. हाताला विरोधही जाणवत नाही, त्यामुळे चुकीची जोडणीसुद्धा सहज होते.

मोठ्या रचनेचा पूर्ण पृष्ठभाग दाखवला की चित्र अडखळतं आणि मला गरगरायला लागतं. मी फितीचं रूप (साखळी नुसती वळत्या फितीसारखी) ठेवते, पृष्ठभाग फक्त सांध्यापुरता. वीस मिनिटांनी हेडसेट काढतेच.

आत गेल्यावर टिपण घेता येत नाही, म्हणून कुठली साखळी, कितवं अमिनो आम्ल बघायचंय ते आधी कागदावर लिहून ठेवते.