नॉर्थ बेरिकचे समुद्रपक्षी: केंद्रातून पाहावेत की बोटीतून?

एडिंबरोहून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या नॉर्थ बेरिकसाठी एकच दिवस हाताशी असेल, तर तो बंदरावरच्या स्कॉटिश सीबर्ड सेंटरमध्ये घालवावा की बोटीने थेट बास रॉकला फेरी मारून यावे, असे उन्हाळ्यात भारतातून येणारे नातेवाईक मला हमखास विचारतात. मी दोन्ही केले आहे, आणि बोटीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे हे आधीच मान्य करतो. जगातली गॅनेट पक्ष्यांची सर्वांत मोठी वसाहत असलेला तो कातळ जवळ येऊ लागतो तसतसा पक्ष्यांचा कल्लोळ आणि विष्ठेचा उग्र दर्प अंगावर येतो, आणि सहा फुटांच्या आसपास पंखविस्तार असलेला पक्षी पंख मागे घेऊन बाणासारखा पाण्यात शिरतो, तेव्हा त्या सुळकीचा आवाज ऐकू येतो. हा अनुभव केंद्रातल्या कॅमेऱ्याचा कोणताही पडदा देऊ शकत नाही.

तरीही माझे मन बोटीवर पूर्णपणे बसले नाही, आणि त्याला कारण झाली दुर्बीण. समुद्र शांत म्हणावा असाच होता, पण बोट सतत हलत होती आणि पुढेही सरकत होती, त्यामुळे एखाद्या घरट्यावर दुर्बीण स्थिर करावी तोच ते दृष्टीआड होई. हजारो पक्षी पाहिले, परंतु एकही पक्षी नीट पाहता आला नाही, ही रुखरुख घेऊन मी परतलो. सरावलेल्या पक्षिनिरीक्षकाला ही अडचण कदाचित एवढी जाणवणार नाही. माझ्यासोबतच्या वडीलधाऱ्यांना मात्र ती माझ्याहून अधिक जाणवली.

केंद्रात बास रॉकवरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्रण दिसते आणि कॅमेरा आपल्याला स्वतः फिरवता येतो. तेथे मी एकाच जोडीसमोर बराच वेळ बसून राहिलो. बाहेरून परतलेला जोडीदार आणि घरट्यावरचा पक्षी माना उंचावून एकमेकांच्या चोचीवर चोच घासतात, आणि शेजारच्या घरट्यातला पक्षी जेमतेम चोचीच्या अंतरावर असल्याने त्याच्याशी होणारे भांडणही त्याच चौकटीत दिसते. गॅनेट आपले एकुलते अंडे पोटाखाली नव्हे, तर पडदा असलेल्या पायांखाली उबवतो, हे वाचून ठाऊक होते. अंड्यावर पाय ठेवण्याची ती सावध हालचाल प्रथम पाहिली ती येथेच.

२०२२ मध्ये बर्ड फ्लूने या वसाहतीवर घाला घातला. २०१४ च्या गणनेत पंचाहत्तर हजारांवर भरलेली घरट्यांची ठिकाणे २०२३ मध्ये सुमारे बावन्न हजारांवर आली होती. या आजारातून वाचलेल्या अनेक गॅनेटच्या डोळ्यांतील फिकट निळे वलय काळे पडले आहे. असा काळ्या डोळ्यांचा एक पक्षी पडद्यावर पाहिला तेव्हा त्या आकड्यांचा अर्थ मला खऱ्या अर्थाने उमगला. बोटीतून तो डोळा मला दिसला असता असे वाटत नाही.

समोरच्या क्रेगलीथ बेटाची हकिगतही केंद्रात आवर्जून समजून घ्यावी. ट्री मॅलो नावाच्या, माणसाहून उंच वाढणाऱ्या झुडपाने तेथील पफिन या समुद्रपक्ष्यांची घरट्याची बिळे झाकून टाकली होती, आणि २००७ पासून स्वयंसेवक बेटावर जाऊन ते तोडत आले आहेत. बोटीतून ते बेट नुसते हिरवे दिसते, आणि त्या हिरवाईत पफिनचे काय नुकसान झाले ते कळत नाही.

तेव्हा ज्यांना समुद्र मानवतो आणि ज्यांच्याकडे राखीव दिवस आहे, त्यांनी बोट अवश्य घ्यावी, पण शक्यतो केंद्र पाहून झाल्यावर. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात हेही ध्यानात ठेवावे. एकच दिवस असेल किंवा सोबत लहान मुले व वृद्ध असतील, तर मी केंद्राकडेच झुकेन. गॅनेट फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत असतात. पफिन पाहायचे असतील तर मात्र जुलै संपायच्या आत यावे.